कर्नलच्या स्टॅकवर ‘लागेल तेवढी’ जागा का मागू नये

टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर ज्यांनी सी शिकली, त्यांना एक एरर नक्की आठवत असेल. ॲरेच्या कंसात आकड्याऐवजी एन लिहिला की कंपायलर अडून बसायचा : ‘कॉन्स्टंट एक्स्प्रेशन रिक्वायर्ड’. प्रॅक्टिकलला सर मागून येऊन म्हणायचे, “शंभर टाक आणि पुढे चल.” आपण शंभर टाकून पुढे जायचो. नंतर लिनक्सवर जीसीसी हाती आला आणि तोच एन त्याने बिनतक्रार घेतला. आधी संख्या वाचा, मग तेवढ्याच लांबीचा ॲरे करा. मला तेव्हा तो फार मोठा मोकळेपणा वाटला होता.

या प्रकाराला व्हेरिएबल लेंग्थ ॲरे म्हणतात, बोलताना नुसतं व्हीएलए. सी भाषेच्या १९९९ च्या मानकात तो आला. २०११ च्या मानकाने तो ऐच्छिक केला, म्हणजे एखाद्या कंपायलरने दिला नाही तरी चालेल. रोजच्या साध्या प्रोग्रॅममध्ये तो खपून जातो. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, मात्र २०१८ च्या अखेरीपासून तो वर्ज्य आहे. त्याचा मोह सगळ्यात जास्त होतो तो ड्रायव्हर, म्हणजे एखादं डिव्हाइस चालवणारा कोड, लिहिताना. डिव्हाइसला कधी चार बाइट पाठवायचे असतात, कधी चाळीस, आणि त्यांच्या पुढे रजिस्टरचा पत्ता म्हणून आणखी एक बाइट जोडायचा असतो. पाठवायच्या बाइटची संख्या ‘लेन’मध्ये आलेली असते, मग हात आपोआप लिहून जातो : बफर, लांबी ‘लेन अधिक एक’. वाचायलाही किती सरळ वाटतं!

ही ओळ धोक्याची का, हे कळायला आधी कर्नलचा स्टॅक केवढा असतो ते पाहू.

स्टॅक म्हणजे फंक्शनची तात्पुरती जागा. फंक्शन सुरू झालं की ते आपला तुकडा घेतं, संपलं की परत करतं. एका फंक्शनने दुसऱ्याला बोलावलं, त्याने तिसऱ्याला, की हे तुकडे एकाखाली एक लागत जातात. साध्या प्रोग्रॅमला लिनक्सवर यासाठी सहसा ८ एमबीपर्यंत जागा मिळते. तोच प्रोग्रॅम सिस्टिम कॉल करून कर्नलमध्ये शिरला की तिथल्या कामासाठी त्याला वेगळा स्टॅक मिळतो, आणि ६४-बिट इंटेल-एएमडी मशीनवर तो असतो १६ केबीचा. म्हणजे ५१२ पट लहान. शिवाय तो गरजेप्रमाणे वाढत नाही. मशीनवर हजारो थ्रेड असू शकतात आणि प्रत्येकासाठी ही मेमरी बाजूला काढावी लागते, म्हणून ती सढळ हाताने देता येत नाही.

हे १६ केबीसुद्धा जून २०१४ मध्ये, ३.१५ या आवृत्तीत मिळाले. त्याआधी ८ केबीत भागवावं लागे. ती वाढ ज्या प्रसंगातून झाली तो ड्रायव्हर लिहिणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. मिनचान किम या कर्नल डेव्हलपरला व्हर्च्युअल मशीनवर चाचण्या करताना स्टॅक संपून मशीन कोसळताना दिसत होतं. कोणा एका फंक्शनने फार जागा खाल्ली होती असं नव्हतं. मेमरी कमी पडली म्हणून कर्नल मेमरीतली जुनी पानं डिस्कवरच्या स्वॅपमध्ये टाकायला निघालं, त्यासाठी डिस्कचं काम बघणाऱ्या ब्लॉक लेयरमध्ये उतरलं, तिथून व्हर्टिओ या व्हर्च्युअल मशीनच्या ड्रायव्हरपर्यंत पोचलं आणि त्या ड्रायव्हरला स्वतःचं काम करायला पुन्हा थोडी मेमरी हवी होती. प्रत्येकाने थोडं थोडं घेतलं, आणि साखळीच्या टोकाला काही उरलं नाही.

ड्रायव्हर जवळजवळ नेहमी अशा साखळीच्या टोकाला उभा असतो. आपल्या आधी किती फंक्शन येऊन गेली, त्यांनी किती जागा घेतली, हे त्याला कळत नाही. १६ पैकी १४ केबी आधीच गेलेले असू शकतात. अशा ठिकाणी आपण किती जागा घेणार हा आकडा निदान आपल्याला तरी पक्का ठाऊक हवा. व्हीएलएमध्ये नेमका तोच ठाऊक नसतो.

आता कंपायलर काय करतो ते बघा. ॲरेची लांबी ठरलेली असेल, समजा ६४ बाइट, तर फंक्शनच्या सगळ्या स्थानिक चलांची बेरीज कंपायलर आधीच करून ठेवतो. फंक्शन सुरू होताना स्टॅक पॉइंटर, म्हणजे स्टॅक कुठवर भरला ते दाखवणारा पत्ता, एकदाच तेवढा खाली सरकतो आणि प्रत्येक चल ठरलेल्या अंतरावर सापडतं. ही बेरीज आधीच हाती असल्यामुळे कंपायलर इशाराही देऊ शकतो. एका फंक्शनची चौकट, म्हणजे त्याची स्टॅकवरची एकूण जागा, ६४-बिट मशीनवर २०४८ बाइटच्या पुढे गेली तर कर्नलच्या नेहमीच्या मांडणीत बिल्ड करतानाच वॉर्निंग येते.

व्हीएलए असेल तर आधी लेन किती ते बघायचं, अलाइनमेंटसाठी वरच्या पटीत न्यायचं, स्टॅक पॉइंटरमधून तेवढं वजा करायचं आणि ॲरे कुठे सुरू झाला ते वेगळं लक्षात ठेवायचं, हे सगळं प्रोग्रॅम चालू असताना. बेरीज आधी होत नाही, म्हणून २०४८ ची ती वॉर्निंगही या ॲरेचा हिशेब धरू शकत नाही.

पण माझ्या मते सगळ्यात मोठा दोष वेगळाच आहे. व्हीएलएला ‘नाही’ म्हणता येत नाही. केमॅलॉक या कर्नलमधल्या मेमरी देणाऱ्या फंक्शनकडे मेमरी मागितली आणि ती नसेल तर नल मिळतो, आपण तो तपासतो आणि एरर परत करून बाहेर पडतो. व्हीएलएमध्ये नकाराची सोयच नाही. जागा असो वा नसो, वजाबाकी होते आणि पुढची ओळ चालते. लेन चुकून ऋण आली तर काय व्हावं हे भाषेच्या मानकानेही ठरवलेलं नाही.

यातून काय होऊ शकतं, हे २०१० साली इकोनेटच्या प्रकरणात दिसलं. इकोनेट ही एकॉर्न कंपनीची १९८० च्या दशकातली नेटवर्क पद्धत. ब्रिटनमधल्या शाळांत बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर एकमेकांना जोडायला ती वापरत. २०१० मध्ये तिचे वापरणारे मोजकेच उरले असतील, पण तिचा कोड कर्नलमध्ये होता, आणि मागितलं की मॉड्यूल म्हणून लोडही होत होता.

नेटवर्कवर डेटा पाठवताना प्रोग्रॅम एकच सलग बफर देईल असं नाही. तो तुकड्यांची यादी देऊ शकतो : हा तुकडा इथे आहे, एवढा लांब आहे. प्रत्येक नोंदीला ६४-बिट मशीनवर १६ बाइट लागतात आणि यादीत जास्तीत जास्त १०२४ नोंदी चालतात. कर्नलमधला सामाईक कोड ही यादी फार नीट हाताळत होता. आठ नोंदींपुरती ठरलेली जागा स्टॅकवर, यादी त्याहून मोठी असेल तर केमॅलॉकच्या घराण्यातल्या फंक्शनकडून मेमरी, आणि १०२४ च्या पुढे सरळ नकार. या तपासणीतून पार होऊन यादी इकोनेटच्या पाठवणाऱ्या फंक्शनकडे यायची, आणि तिथे लिहिलेलं होतं : नोंदींचा ॲरे, लांबी ‘आलेल्या नोंदी अधिक एक’.

हिशेब करून बघा. १०२५ गुणिले १६ म्हणजे १६,४०० बाइट. त्या वेळचा अख्खा स्टॅक ८,१९२ बाइटचा. नोंदी किती हे ठरवणार कोण? मशीनवर लॉगिन असलेला कोणीही साधा वापरकर्ता. म्हणजे कर्नलचा स्टॅक पॉइंटर किती खाली न्यायचा, हे बाहेरचा माणूस बोट ठेवून सांगू शकत होता.

नेल्सन एल्हाज यांनी ही चूक शोधून काढली. मशीनला इकोनेटचा नेटवर्क-पत्ता नेमून दिल्याशिवाय त्या ओळीपर्यंत पोचता येत नव्हतं, पण पत्ता नेमणाऱ्याला तशी परवानगी आहे का, हे तपासायचंच त्या कोडमध्ये राहून गेलेलं होतं. त्यामुळे तोही अडसर नव्हता. पुढे जॉन ओबरहाइड यांनी याच चुकीवर उभारलेला हल्ला जाहीर केला. दोन प्रोसेसचे कर्नल स्टॅक मेमरीत शेजारीशेजारी येतील असं जमवायचं आणि एकाचा स्टॅक पॉइंटर व्हीएलएच्या जोरावर दुसऱ्याच्या स्टॅकमध्ये नेऊन तिथलं लिखाण बदलायचं. साधा वापरकर्ता त्यातून रूट, म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेला, होत होता. दुरुस्ती किती साधी होती ते पाहा : वापरकर्त्याचे सगळे तुकडे वेगळ्या मागितलेल्या बफरमध्ये एकत्र करायचे आणि यादीत एकच नोंद ठेवायची. व्हीएलए गेला. इकोनेटचा अख्खा कोडच २०१२ मध्ये कर्नलमधून काढला गेला.

“आता तर स्टॅकच्या टोकाला गार्ड पेज असतं ना?” असं कोणी विचारील. असतं. डिसेंबर २०१६ च्या ४.९ आवृत्तीपासून अँडी लुटोमिर्स्की यांच्या कामामुळे कर्नलचे स्टॅक अशा पत्त्यांवर ठेवता येऊ लागले की त्यांच्या कडेला एक मोकळं, कशालाही न जोडलेलं पान राहतं. त्यात पाऊल पडलं की प्रोसेसर लगेच थांबवतो. शेताच्या बांधाला चर खणतात तसंच हे. गुरं चरत चरत पुढे आली तर चरात अडकतात. पण व्हीएलए चरत येत नाही, तो उडी मारतो. स्टॅक पॉइंटर एका वजाबाकीत १६ हजार बाइट खाली गेला, तर ४,०९६ बाइटचं ते पान मध्ये कुठेतरी राहून जातं आणि लिखाण सुरू होतं ते थेट पलीकडच्या शेतात. म्हणून गार्ड पेज आहे या भरवशावर व्हीएलए ठेवणं मला पटत नाही.

सुरक्षेचं हे सगळं मान्य करूनही पुष्कळांची अशी समजूत असते की निदान वेगासाठी तरी व्हीएलए बरा. लागेल तेवढीच जागा घेतो, वाया काही जात नाही! ही समजूत मोडणारे आकडे कर्नलमध्येच नोंदलेले आहेत. नँड फ्लॅशवरून वाचलेल्या डेटात एखाददुसरा बिट उलटा येतो, तो दुरुस्त करायला बीसीएच नावाचा कोड वापरतात. कर्नलच्या बीसीएच लायब्ररीत एन्कोडिंग करताना व्हीएलए होता. तो काढायची वेळ आली तेव्हा लायब्ररीचे लेखक इव्हान जेलिक यांनी तिन्ही पर्याय एकाच मशीनवर मोजले. व्हीएलए : सेकंदाला ३,९८८ मेगाबिट. ठरलेल्या लांबीचा ॲरे : ४,४९४. दर वेळी केमॅलॉक : १,९६७.

या तीन आकड्यांकडे जरा थांबून बघावं असं मला वाटतं. ठरलेला ॲरे व्हीएलएपेक्षा साधारण १३ टक्के वेगवान निघाला. थोडी जागा वाया गेली, पण स्टॅकवर वाया जाणं म्हणजे तरी काय? वजाबाकीतला आकडा थोडा मोठा, एवढंच. आणि तिसरा आकडा सांगतो की व्हीएलए दिसला की डोळे मिटून केमॅलॉक लावणं हाही उपाय नव्हे. सतत चालणाऱ्या रस्त्यावर त्याने वेग निम्म्याहून खाली आला.

मग ड्रायव्हरमध्ये करायचं काय? मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो : ही लांबी जास्तीत जास्त किती असू शकते, हे मला माहीत आहे का? माहीत असेल, तर तोच आकडा कंसात लिहावा आणि वर तपासणी ठेवावी. माहीत नसेल, तर ज्या गोष्टीला कमाल मर्यादा नाही ती १६ केबीच्या स्टॅकवर ठेवायची नाही. दोन्हीपैकी कुठल्याच उत्तरात व्हीएलएला जागा उरत नाही.

बऱ्याचदा उत्तर ‘माहीत आहे’ असंच निघतं, कारण मर्यादा हार्डवेअरच घालतं. नोव्हेंबर २०१३ च्या सुमारास मावरो कार्व्हालो शेहाब यांनी टीव्ही ट्यूनर आणि डीव्हीबीच्या ड्रायव्हरांतून असे ॲरे एकामागून एक काढले. एस-३९० या आयबीएमच्या मोठ्या मशीनसाठी बिल्ड करताना त्यांच्यावर वॉर्निंग येत होत्या. ही डिव्हाइस आय-टू-सीवर, म्हणजे चिप एकमेकांना जोडणाऱ्या साध्या बसवर, थोडे थोडे बाइट पाठवतात, आणि यूएसबीवरून जोडलेली असतील तर त्यांच्या कंट्रोल ट्रान्सफरचं एक पॅकेट ६४ बाइटपर्यंतचंच असतं. म्हणून त्यांनी ६४ ही मर्यादा धरली. बफर ६४ बाइटचा, आणि पहिल्याच ओळीत तपासणी : ‘लेन अधिक एक’ जर बफरच्या आकाराहून मोठं असेल तर लॉगमध्ये तसं लिहा आणि एरर परत करा.

आमच्या सरांच्या ‘शंभर टाक’मध्ये ही दुसरी ओळ नव्हती. नुसता शंभर टाकून पुढे गेलं आणि कोणी दीडशे दिले, तर ॲरेच्या बाहेर लिहिलं जाणारच. मर्यादा आणि तिची तपासणी ही जोडी आहे. एक ठेवून दुसरी विसरली तर जुन्या चुकीच्या जागी नवी चूक येते.

मर्यादा मोठी असेल, समजा काही केबी, तर मेमरी मागून घ्यावी. तिथे दोन गोष्टी बघाव्या लागतात. इंटरप्ट हँडलरमध्ये किंवा स्पिनलॉक धरून असताना झोपता, म्हणजे वाट बघत थांबता, येत नाही, त्यामुळे त्या वेळी मागणी ‘ॲटॉमिक’ प्रकारची करावी लागते आणि ती नाकारली जाण्याची शक्यता जास्त असते. दुसरं, ‘किती नग गुणिले प्रत्येकी किती बाइट’ हा गुणाकार स्वतः करू नये. तो ओसंडून लहान आकडा झाला तर बफरही लहानच मिळतो. त्यासाठी केमॅलॉक-ॲरे नावाचं फंक्शन आहे, ते गुणाकार तपासून मगच मेमरी देतं. तेच काम पुन्हा पुन्हा होणार असेल तर बफर प्रोबच्या, म्हणजे ड्रायव्हर डिव्हाइसशी जोडला जाण्याच्या, वेळीच एकदा घेऊन डिव्हाइसच्या स्ट्रक्चरमध्ये ठेवावा. मग मात्र एकाच वेळी दोघांनी तो वापरू नये म्हणून लॉक लागतो. आणि आठ नोंदी स्टॅकवर, त्यापुढे मागितलेली मेमरी, ही सामाईक कोडमधली युक्ती आहेच. बहुतेक मागण्या लहान असतील तिथे ती मला सगळ्यात आवडते.

एक वेगळी सूचना इथेच करून ठेवतो. बफर डीएमएसाठी, म्हणजे यूएसबी किंवा एसपीआय कंट्रोलरने थेट मेमरीतून उचलावा म्हणून द्यायचा असेल, तर तो स्टॅकवर मुळीच नको, लांबी ठरलेली असली तरी. ४.९ मध्ये स्टॅकची मांडणी बदलली तेव्हा असे बरेच ड्रायव्हर बंद पडले होते.

स्ट्रक्चरच्या शेवटी कंस मोकळा ठेवून जो ॲरे लिहितात, त्याचं नावही ऐकायला सारखंच वाटतं, पण तो व्हीएलए नव्हे. त्याची मेमरी मागून घेतलेली असते आणि कर्नलमध्ये तो सर्रास चालतो.

सगळं कर्नल साफ करायची मोहीम २०१८ मध्ये झाली. मार्चमध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी स्पष्ट लिहिलं की व्हीएलएने कोड वाढतो, संथ होतो आणि ठिसूळही होतो. वॉर्निंग चालू करून बिल्ड केलं तर दोनशेहून अधिक ठिकाणं निघत होती. कीस कूक यांनी ती संपवायचं काम हाती घेतलं आणि पुष्कळ जणांनी एकेक ड्रायव्हर निस्तरला. क्रिप्टोचा, म्हणजे एन्क्रिप्शनचा, भाग सगळ्यात किचकट होता. प्रत्येक अल्गोरिदमला आपल्या कामाच्या स्थितीसाठी वेगवेगळी जागा लागते, आणि ती वापरणाऱ्याच्या स्टॅकवर व्हीएलएने घेतली जाई. तिथे कमाल आकार ठरवून दिला, आणि त्याहून जास्त मागणाऱ्या अल्गोरिदमची नोंदणीच नाकारायची असं केलं. तपासणी अशी एकदाच, दारातच होते.

काही व्हीएलए तर लिहिणाऱ्यालाही माहीत नव्हते. ‘मॅक्स’ हा मॅक्रो दोन आकड्यांतला मोठा देतो. ॲरेच्या कंसात मॅक्समध्ये दोन पक्के आकडे दिले, तर उत्तरही पक्कंच असणार असं आपण धरून चालतो. पण कर्नलचा मॅक्स दिलेली पदं दोनदा मोजली जाऊ नयेत म्हणून आत तात्पुरती चलं वापरत असे, आणि चल आलं की भाषेच्या नियमाने तो आकडा स्थिर राहत नाही. जीसीसी त्याला व्हीएलएच समजायचा. यावर बरीच डोकेफोड झाली. शेवटी मार्टिन उकर यांनी दिलेली एक युक्ती उपयोगी पडली : टर्नरी ऑपरेटरच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या प्रकारचे पॉइंटर ठेवायचे आणि निकालाचा प्रकार कोणता येतो यावरून, काहीही न चालवता, पद स्थिर आहे का ते ओळखायचं. भाषेच्या मानकातल्या नल पॉइंटरच्या एका बारीक नियमावर ती उभी आहे. मी ती दोनदा कागदावर सोडवली तेव्हा कुठे पटली.

डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या ४.२० आवृत्तीत व्हीएलएची वॉर्निंग सगळ्या कर्नलसाठी चालू झाली. तुम्ही कर्नलच्या बाहेर ड्रायव्हर लिहीत असाल तर जीसीसीला ‘डब्ल्यू-व्हीएलए’ हा पर्याय देऊन एकदा बिल्ड करून बघा. त्यात एखादी वॉर्निंग अशीही येईल की जिथे तुम्ही ‘कॉन्स्ट इंट’ म्हणून १६ लिहिलेले आहेत आणि तेच नाव ॲरेच्या कंसात वापरलं आहे. सी++ मध्ये ते चालतं. सीमध्ये ‘कॉन्स्ट’चा अर्थ ‘बदलू नका’ एवढाच होतो, त्याने तो आकडा भाषेच्या लेखी स्थिर पद ठरत नाही, आणि ॲरे व्हीएलए होतो. तिथे डिफाइन वापरा किंवा ईनम.